टेकडी चढताना जरा जपून!

पुण्याचा माणूस दुपारी एक ते चार या वेळात कुठे असतो, हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. सकाळी सहा ते आठ या वेळात तो कुठे असतो हे पाहायचे असेल, तर मात्र टेकडीवर जायला हवे. पर्वती, तळजाई, हनुमान टेकडी, चतुःशृंगी, वेताळ टेकडी... या शहराला समुद्र नाही, त्याची उणीव टेकड्यांनी भरून काढली आहे. मुंबईकर मरीन ड्राइव्हवर फिरतो, दिल्लीकर लोदी गार्डनमध्ये फिरतो, तसा पुणेकर 'टेकडीवर' जातो. कोणत्या टेकडीवर, हे तो सांगत नाही. प्रत्येकाची आपापली टेकडी ठरलेली असते.

माझ्या आत्याची टेकडी म्हणजे वेताळ टेकडी. लॉ कॉलेज रस्त्याच्या एका गल्लीत ती तीस-बत्तीस वर्षे राहते आहे आणि त्यातली निदान पंचवीस वर्षे तिने सकाळची टेकडी सहसा चुकवलेली नाही. लहानपणी सुटीत आम्ही भावंडे तिच्याकडे गेलो, की पहाटे अंगावरची पांघरुणे ओढून ती आम्हाला उठवायची. "मोर बघायचे ना? मग उठा!" मोर रोज दिसत नसत, पण परतताना भेळीचे पैसे मिळत, म्हणून आम्ही उठत होतो.

डिसेंबरच्या अखेरीस चार दिवस पुण्याला गेले, ते खरे तर या टेकडीच्या ओढीने. दिल्लीत नोकरी करणाऱ्या माणसाला त्या दिवसांत मोकळ्या हवेत चालणे हे सुख राहिलेले नसते. पहिल्याच रात्री जेवताना मी विचारले, "आत्या, उद्या किती वाजता निघायचं?"

तिने ताटातली पोळी उगीचच दुमडली. "तू जा हो. मी आता जात नाही."

गेल्या पावसाळ्यात तिचे मंगळसूत्र गेले होते. आम्हा कोणालाही तिने कळवले नव्हते. टेकडी उतरून, दुधाची पिशवी घेऊन ती आपल्या गल्लीत शिरली होती. फाटक दहा पावलांवर होते. मोटारसायकलवरच्या दोन मुलांनी पत्ता विचारला, ती सांगायला वळली आणि पुढच्या क्षणी गळ्याला हिसडा बसला. मानेवरचा ओरखडा भरून आला, पोलिसांत तक्रार झाली, पण आत्याचे फिरणे त्या दिवसापासून थांबले. आता ती दिवाणखाना ते गॅलरी अशा येरझारा घालते. तिला मधुमेह आहे. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा साडेसहाच्या घरात असायचा, तो आठाच्या पुढे गेला आहे, हे काकांनी मला स्वयंपाकघरात हळूच सांगितले. "डॉक्टर म्हणतात, चाला. ही म्हणते, जीव वाचला तेवढं पुरे. आता तूच काय ते बघ."

अंधारातला रस्ता

पहिल्या दिवशी मी एकटीच निघाले, पावणेसहाला. लहानपणीची वेळ तीच होती ना! पण लहानपणी आम्ही मे महिन्यात जात असू. पुण्यात मे-जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपास उगवतो आणि साडेपाचलाच चांगले दिसू लागते. डिसेंबरच्या शेवटी तोच सूर्य सातनंतर वर येतो. घड्याळातली वेळ तीच, पण मधल्या उजेडात तासाभराचा फरक! ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. (आसाम-बंगालकडच्या वाचकांना याचे हसू येईल. कोलकात्यात जूनमध्ये पाचच्या आत सूर्य उगवलेला असतो. तेव्हा 'पहाटे पाचला फिरायला जावे' हा सल्ला साऱ्या देशाला एका मापाने देण्यात काही अर्थ नाही.)

गल्लीत चिटपाखरू नव्हते. दोन बंद दुकानांच्या मधल्या अंधारात कुत्री गुरगुरत होती. मागून एक मोटारसायकल आली आणि निघून गेली. वृत्तपत्र टाकणारा मुलगा होता बिचारा! पण माझा हात आपोआप गळ्याकडे गेला, आणि गळ्यात तर काहीच नव्हते. टेकडीच्या पायथ्यापर्यंत गेले, वरच्या काळोखाकडे पाहिले आणि मुकाट्याने परत फिरले. दारातच आत्या उभी होती. तिने काही विचारले नाही, चहा पुढे ठेवला.

"तू पूर्वी कधी निघायचीस गं थंडीत?" मी विचारले.

"साडेसहाला. उजाडायच्या आधी कोण जातं टेकडीवर!"

पंचवीस वर्षांचा हिशेब तिच्याजवळ होता. मी मात्र सुटीतल्या पाहुणीच्या आठवणीवर निघाले होते.

दुसऱ्या दिवशी मी तिला रिक्षात घालून पर्वतीवर नेले. नवस फेडायचा आहे असे खोटेच सांगितले. पर्वतीवरचे देवदेवेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधले आणि पानिपतानंतर १७६१ साली नानासाहेबांनी प्राण सोडला तोही इथेच. आजच्या पुणेकराला मात्र पर्वती म्हणजे देव, इतिहास आणि व्यायाम असे तिन्ही एका फेरीत उरकणारी जागा वाटते. एकशेतीन पायऱ्या! कोणी चढतो आहे, कोणी उतरतो आहे, कोणी तिसऱ्यांदा चढतो आहे. आजोबांच्या मागे नातू, नातवाच्या मागे आजी. इथे एकटे पडायची सोयच नाही. आत्या पहिल्या टप्प्यावर पदर घट्ट धरून होती. साठाव्या पायरीला तिने तो सोडला आणि ओळखीच्या एका बाईंशी गुडघ्यांविषयी बोलू लागली.

गुडघ्यांवरून आठवले. चढताना धाप लागते म्हणून आपण चढणीला भितो, पण पायऱ्यांवर गुडघ्यांना जास्त मार उतरताना बसतो. धडधडत, दोन-दोन पायऱ्या टाकत उतरणारी तरुण मंडळी पर्वतीवर पुष्कळ दिसतात. त्यांच्याकडे पाहून साठीच्या माणसाने तसे करू नये. एका बाजूने, आधार धरून, पाऊल पुरते टेकवून उतरावे. पायात चप्पल नको, मागून बंद असलेले बूट हवेत. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नये आणि घरी आल्यावर तळवे पाहावेत. पावलांची संवेदना कमी झालेली असते, त्यामुळे खडा लागलेला कळत नाही.

टेकडीपर्यंतचा रस्ता

तिसऱ्या दिवशी आत्या आपणहून म्हणाली, "चल, नुसतं पायथ्यापर्यंत जाऊ." साडेसहा वाजून गेले होते. तिच्या गळ्यात काळ्या मण्यांची साधी पोत होती, हातात काठी होती, मोबाइल आतल्या खिशात. निघताना काकांना तिने कोणत्या वाटेने जाणार आणि किती वाजता परतणार ते सांगितले. तिला असे सांगताना मी प्रथमच पाहिले. मंगळसूत्र जाण्याआधी ती नुसतेच "येते हं" म्हणायची.

वेताळ टेकडी जुन्या शहरालगतच्या टेकड्यांत सर्वांत उंच. समुद्रसपाटीपासून ती सुमारे ८०० मीटर उंच आहे आणि पुणे शहर साधारण ५६० मीटरवर वसलेले आहे, म्हणजे चढ चांगलाच आहे. वर जायला पायवाटा अनेक आहेत. आत्याची वाट मात्र एआरएआयकडे, म्हणजे मोटारगाड्यांची तपासणी करणाऱ्या संस्थेकडे चढत जाणाऱ्या डांबरी रस्त्याची. रस्ता वळणावळणाचा आहे, त्यावर गाड्याही असतात. काही मंडळी चालण्याच्या जागेपर्यंत मोटारीने येतात. ही गंमत पुण्यातच नव्हे, साऱ्या देशात दिसते.

मी सवयीने डाव्या कडेने चालू लागले. आत्याने दंडाला धरून मला उजवीकडे ओढले. "गाडी समोरून दिसायला हवी. पाठीत डोळे आहेत का तुला?"

आपल्याकडे वाहने डावीकडून जातात. ज्या रस्त्याला पदपथ नाही, तिथे पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनाकडे तोंड करून चालावे, हे शाळेच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी वाचलेले असते. पाळतो कोण? दोघी-तिघी जणी गप्पा मारत रस्त्याच्या मध्यापर्यंत पसरतात आणि कानात गाणी घातलेला धावपटू मागच्या भोंग्याला दाद देत नाही. वळणावर मात्र जिकडून लांबचे दिसेल ती कडा धरावी. उजवी बाजू सोडावी लागली तरी चालेल. आणि अंगावर फिक्या रंगाचे काहीतरी हवे. काळा स्वेटर, काळी शाल, काळी विजार घालून धुक्यात चालणारा माणूस चालकाला दिसणार कसा?

आपल्या भीतीला फसण्याची खोड आहे. टेकडी म्हटली की आपल्याला चोर आठवतो, साप आठवतो. रस्ता आठवत नाही. २०२२ साली देशातल्या रस्ते अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांवर माणसे मृत्युमुखी पडली, त्यांत पायी चालणारे बत्तीस हजारांहून अधिक होते. म्हणजे जवळजवळ पाचातला एक. मार्च २०२३ मध्ये मुंबईच्या वरळी सी फेसवर, भल्या सकाळी, धावण्याचा सराव करणाऱ्या एका महिलेला मोटारीने उडवले आणि त्या गेल्या. आणि फौजा सिंग! वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी मॅरेथॉन धावायला लागलेले, शंभरी गाठल्यावर २०११ साली टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण करणारे फौजा सिंग. जालंधरजवळच्या आपल्या ब्यास गावी, १४ जुलै २०२५ रोजी दुपारी पाय मोकळे करायला निघाले असता महामार्गावर एका गाडीने त्यांना धडक दिली. ११४ वर्षांच्या त्या म्हाताऱ्याला म्हातारपणाने गाठले नाही, रस्ता ओलांडताना मोटारीने गाठले. पंजाबातल्या कितीतरी गावांना महामार्ग असा चिरून गेला आहे, आणि आपल्याकडच्याही.

इथे एक गोष्ट वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. अपघातात सापडलेल्याला मदत केली तर पोलिसांचे झेंगट मागे लागेल, या भीतीने माणसे दूर उभी राहतात. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. त्याला आपले नाव सांगण्याचीही सक्ती नाही. १०८ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करावा आणि जखमी माणसाजवळ थांबावे.

"तिकडे आत्ता नको"

पायथ्यापर्यंतच जाऊ म्हणणारी आत्या बोलता बोलता वर पोहोचली होती. वर वाट सपाट होते. लाल मुरूम, दोन्ही बाजूंना ग्लिरिसिडियाची झाडी, पिवळे पडलेले गवत. एका बाजूला दूर सिंहगडाची आकृती, दुसऱ्या बाजूला पाषाण. खाणीच्या पाण्यावर धुके तरंगत होते. ही दगडाची जुनी खाण, आता तिचा तलाव झाला आहे. काठ सरळ तुटलेला आहे आणि पाण्याची खोली वरून कळत नाही, तेव्हा छायाचित्रासाठी काठावर उभे राहण्याचा मोह टाळलेला बरा. मुरमावरची बारीक खडी पायाखाली मण्यांसारखी घरंगळते. मी एकदा पडता पडता वाचले. आत्याची काठी तेव्हा माझ्याच उपयोगी पडली.

"अहो ताई, किती महिन्यांनी!" कानटोपी घातलेले एक आजोबा थबकले. मग आणखी दोघी आल्या. पाच मिनिटांत घोळका जमला. मंगळसूत्राची हकीकत सांगून झाली, प्रत्येकाने आपल्या ऐकिवातली एकेक सांगितली. मला वाटले, आत्या आता पुन्हा घाबरणार. पण तसे झाले नाही. सगळ्यांच्या हकीकतींत तिची हकीकत चारचौघांसारखी झाली.

मला वेताळाच्या देवळापलीकडची, झाडीत उतरणारी एक पायवाट खुणावत होती. मी तिकडे वळले तर आजोबांनी काठी आडवी केली. "तिकडे आत्ता नको. आठनंतर जा. तेव्हा खालून माणसं वर येतात, मधे ओळखीचं कोणीतरी भेटतं. आत्ता त्या वाटेला अर्धा तास कुणी नसतं."

हे ज्ञान कुठल्या पाटीवर लिहिलेले नसते. कोणत्या वाटेला कोणत्या वेळी माणूस असतो, हे रोज येणाऱ्यालाच ठाऊक असते. पुण्याच्या टेकड्यांवर कोयत्याचा धाक दाखवून लुटल्याच्या बातम्या अलीकडच्या वर्षांत अनेकदा आल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराबाहेरच्या बोपदेव घाटात रात्री एका तरुणीवर सामूहिक अत्याचार झाला, तेव्हा सारे शहर हादरले. अशी घटना घडली की टेकड्यांवर दिवे हवेत, कॅमेरे हवेत, गस्त हवी, अशी मागणी होते. गस्त हवीच. पण साऱ्या टेकडीवर झगझगीत दिवे लावून मोर आणि घुबडांची रात्र पळवावी, असे मला वाटत नाही. आणि काही घडले की "कशाला गेली होती तिथे?" हा प्रश्न बाईलाच विचारला जातो, त्याची मला चीड येते. टेकडी तिचीही आहे. सावध राहणे निराळे आणि गुन्ह्याचा दोष आपल्या माथी घेणे निराळे.

कोणी अडवलेच तर? आजोबांचे म्हणणे सरळ होते. "मोबाइल द्यायचा, पैसे द्यायचे, झटापट करायची नाही. वस्तू पुन्हा घेता येते." सुटल्यावर माणसांकडे धावावे, ११२ ला कळवावे आणि तक्रार नोंदवावीच. हिसकावून पळण्याला १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वतंत्र गुन्हा मानले आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. 'किरकोळ चोरी' म्हणून सोडून देऊ नये.

उतरताना एका कुत्र्याने आमची वाट धरली. पुढे एक मुलगा धावत होता, कुत्रे त्याच्यामागे सुसाट गेले. तो आणखी जोरात पळाला, कुत्रेही आणखी जोरात! आत्या ओरडली, "अरे, थांब! उभा राहा!" तो थांबला, तर कुत्रेही गोंधळून थांबले आणि बाजूला झाले. कुत्र्याच्या डोळ्याला डोळा न देता, पाठ न दाखवता, हळूहळू दूर व्हावे. चावलेच तर हळद-मिरची काही लावत बसू नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस सुरू करावी. सापाचेही तसेच. पावसाळ्यात टेकडीवर घोणस, फुरसे असू शकते. दगडाखाली, कपारीत हात घालू नये, न बघता गवतात बसू नये. दंश झाल्यास चिरा देणे, दोरी आवळणे हे प्रकार सोडून, तो अवयव न हलवता माणसाला रुग्णालयात न्यावे. तिथल्या लशीत नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवरचा उतारा असतो.

घरी आल्यावर आत्या खुर्चीत बसली आणि तिला दरदरून घाम फुटला. काकांचा चेहरा उतरला. साखर मोजली तर खाली गेलेली. गोळी घेतली होती, खाल्ले काहीच नव्हते आणि पाच-सहा महिन्यांत न केलेली चढण चढली होती. साखरपाणी दिल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ती सावरली आणि आमच्यावरच रागावली. पण दुपारी डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. गोळी-इन्शुलिन घेणाऱ्याने रिकाम्या पोटी लांब फिरू नये, खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. आणि थांबलेले चालणे पुन्हा सुरू करताना पहिल्या आठवड्यात टेकडी नको, सपाट रस्ता. चालताना बोलता आले पाहिजे. बोलता येईनासे झाले की वेग कमी करावा, आणि छातीत दडपल्यासारखे किंवा हाता-जबड्यात दुखल्यासारखे वाटले तर तिथेच थांबावे, घरी पोहोचण्याचा हट्ट धरू नये. हा सल्ला मी पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. तिला रस्त्यावर आणायच्या घाईत मी तिच्या साखरेचा विचारच केला नव्हता.

चौथ्या दिवशी ती सपाट रस्त्याने फिल्म इन्स्टिट्यूटपर्यंत जाऊन आली. मी सोबत होते, पण दहा पावले मागे. तिने तसे सांगितले होते. कोपऱ्यावर मोटारसायकलवरच्या कोणीतरी तिला काही विचारले. मी धावलेच. तोवर ती दोन पावले मागे सरून, एका घराच्या फाटकाला पाठ लावून उभी होती आणि काठी मध्ये धरून लांबूनच हाताने दिशा दाखवत होती. तो माणूस आभार मानून गेला. तिचा हात मात्र बराच वेळ थरथरत होता.

दिल्लीला परतल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. इथे दाट धुके, त्यात धूर मिसळलेला. थंडीत जड हवा जमिनीलगत बसते आणि भल्या सकाळी ती सर्वांत वाईट असते. म्हणून फिरणे दुपारी, ऊन पडल्यावर करावे किंवा त्या दिवशी घरातच व्यायाम करावा. मी ते रोज हवेचा अंदाज पाहून ठरवते. हा अंदाज सांगणारी 'सफर' सेवा २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीसाठी प्रथम सुरू झाली, आणि ती तयार करणारी उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यात, आत्याच्या टेकडीपलीकडे पाषाणला आहे!

"आज हवा कशी आहे तिकडे?" आत्याने विचारले.

"वाईट. घरीच आहे."

"मग बरोबर. मी आज पहिल्या वळणापर्यंत गेले होते. त्या दोघी आहेत ना, त्या आता मला फाटकावर हाक मारायला येतात. साडेसहाला. आणि हे बघ, खिशात खडीसाखर असते आता, पण काकाच अर्धी संपवतात."